बिऱ्हाडेंची आई पलीकडे जाते

बिऱ्हाडे हे काही त्याचं खरं आडनाव नव्हे. लोकांची घरं हलवून द्यायचा त्याचा धंदा, म्हणून कुणीतरी गमतीत त्याला बिऱ्हाडे म्हटलं, आणि ते असं काही चिकटलं की पोस्टमनपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे त्याला त्याच नावाने ओळखू लागले. खरं आडनाव मतदानाच्या दिवशी तेवढं बाहेर यायचं, आणि केंद्रावर कुणी ते पुकारलं की हा दुसऱ्या कुणाला तरी वाट करून द्यायचा.

त्याच्याकडे एक ट्रक होता. मागे उंच फळ्या, आत जुन्या गाद्या, दोरखंड आणि रद्दी वर्तमानपत्रांचे गठ्ठे. चालवायला मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आणि उचलायला दोन गडी. कपाट जिन्यातून उभं न्यायचं की आडवं, वळणावर फ्रिज कुणीकडून फिरवायचा, आरशाला कोणती गादी द्यायची, हे बिऱ्हाडे दारात उभ्या उभ्या सांगायचा. त्याच्या हातून कप फुटला असं क्वचितच व्हायचं. फुटलाच तर मेव्हणा म्हणायचा, “तो आधीच तडकलेला होता.” मग बिऱ्हाडे त्याच्याकडे असा बघायचा की मेव्हणा निमूट जाऊन नवा कप घेऊन यायचा.

तो राहायचा ते शहर नदीच्या एका काठाला होतं. समोरच्या काठाला दुसरं, तितकंच वाढत चाललेलं. मध्ये पूल. दोन्हीकडची माणसं आपल्या शहराला ‘अलीकडे’ म्हणायची आणि समोरच्याला ‘पलीकडे’. आणि दोघांचं एकमेकांशी हाडवैर. आधी भांडण होतं ते माणसं जास्त कुणाकडे, याचं. पुलाच्या दोन्ही तोंडांशी लोकसंख्येचे फलक होते. एकाने फलक मोठा केला की दुसरा त्याहून मोठा करायचा आणि वर दिवे लावायचा. कुणाला जुळं झालं तर दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. जुन्या चाळी पाडून तिथे मजल्यांवर मजले चढत होते, आणि प्रत्येक नव्या इमारतीबरोबर दोन्हीकडच्या लोकांच्या अंगावर मूठभर मांस चढत होतं.

मग वारं फिरलं. राजधानीतल्या कुठल्याशा मंडळाने जाहीर केलं की राहायला सगळ्यात चांगलं शहर कोणतं, ते आम्ही ठरवणार. किती माणसं आहेत ते बघणार नाही, कशी राहतात ते बघणार. दोन्ही महापालिकांची पाचावर धारण बसली. माणसं गोळा करण्यात इतकी वर्षं गेलेली, ती राहतात कशी हे बघायला कुणाला सवड होती?

बिऱ्हाडे हाडाचा अलीकडचा. पलीकडून कुणी बिऱ्हाड इकडे आणत असेल तर हा शीळ वाजवत सामान चढवायचा, कुंड्या स्वतःच्या मांडीवर घेऊन बसायचा. इकडून तिकडे कुणी निघालं की मात्र तोंड फुगलंच. एकदा एक शिक्षक जोडपं पलीकडे निघालं होतं. पूल संपेपर्यंत बिऱ्हाडेच्या तोंडाचा पट्टा चालू होता. तिकडचं पाणी जड आहे, तिकडची माणसं तुसडी, तिकडे सूर्यसुद्धा डोळ्यांवर येतो. शेवटी शिक्षक म्हणाले, “अहो, बदली झालीय आमची. आम्हाला कुठे हौस आहे?” तेव्हा कुठे हा गप्प झाला. मेव्हणा म्हणाला, “दाजी, गिऱ्हाइकाला असं घाबरवलंत तर एक दिवस आपल्यालाच बिऱ्हाड हलवावं लागेल.”

तर या बिऱ्हाडेकडे एके सकाळी त्यांच्या भागातल्या नगरसेविका ताई आल्या. ताई भारी उत्साही बाई. गाडीतून उतरता उतरता बोलायला लागायच्या आणि बोलता बोलता फोन करायच्या.

“काका, तुम्हाला आम्ही शहरदूत करतोय,” त्या म्हणाल्या. “तुमचा ट्रक रोज सगळीकडे फिरतो. त्याच्यावर आपलं घोषवाक्य रंगवू. रंगाचा खर्च आमचा.”

बिऱ्हाडे हरभऱ्याच्या झाडावर चढायला तयारच होता. दोन दिवसांत ट्रकच्या दोन्ही अंगांवर हातभर उंचीच्या निळ्या अक्षरांत लिहिलं गेलं, ‘इथेच राहू, सुखाने राहू’. ताईंनी हार घातला, फोटो निघाला, आणि बिऱ्हाडे छाती काढून घरी आला.

घर तिसऱ्या मजल्यावर. आई खिडकीशी बसून मटार सोलत होती. वय पंच्याहत्तरीच्या घरात, पण डोळे आणि जीभ अजून तल्लख. जन्म गेला तो एका सिनेमागृहाच्या तिकीटखिडकीत. खिडकीच्या भोकातून आत आलेला नुसता हात बघून ती ओळखायची की हा गृहस्थ बायकोला घेऊन आलाय की आणखी कुणाला. ते सिनेमागृह कधीच पाडलं. तिथे आता मोठी इमारत उभी राहिली होती आणि तिथल्या लोकांची वाहनं थेट यांच्या दारापर्यंत लागायची.

“बघितलास ट्रक?” बिऱ्हाडेने विचारलं.

“बघितला खिडकीतून. अक्षर सुरेख आहे,” आई म्हणाली. “आता एक कर. सवड बघून माझं सामान पलीकडे टाकून ये.”

“कसलं सामान?”

“माझं. खाट, कपाट, शिवणाचं मशीन. मी धाकटीकडे राहायला जातेय.”

धाकटी म्हणजे त्याची मावशी. पलीकडे एका गल्लीत तळमजल्यावर राहायची. काका गेल्यापासून एकटीच होती. बिऱ्हाडेला आधी वाटलं आई चेष्टा करतेय. मग त्याने बायकोकडे पाहिलं. बायको एकेक मटार असा निरखून बघत होती की जणू त्यात काही लिहिलंय.

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“अहो, सगळ्या घराला माहीत होतं,” ती म्हणाली. “तुम्ही ट्रक रंगवण्यात होतात.”

बिऱ्हाडे खुर्चीत बसला. “आई, इथे तुला काय कमी आहे?”

“कमी काहीच नाही रे. सगळं जास्त आहे. खाली उतरले की दारात गाड्या, त्यांच्यापुढे आणखी गाड्या. फुटपाथ इतका उंच की त्याला शिडी लावावी लागेल. मी कधीपासून खाली उतरले नाहीये, आलं तुझ्या लक्षात?”

नव्हतं आलं. तो रोज त्याच जिन्यावरून चढत-उतरत होता, आणि नव्हतं आलं. पण माणूस असा एकदम मान्य थोडाच करतो?

“लोक काय म्हणतील? मी शहरदूत आहे.”

“तू सगळ्या शहराची बिऱ्हाडं हलवलीस. आईचं हलवायला जड जातंय होय?”

तो दोन दिवस घुम्यासारखा वावरला. मग रविवारी सकाळी म्हणाला, “चल आई, तुला बागेत घेऊन जातो. आपलं शहर राहण्याजोगं आहे की नाही ते बघ आणि मग काय ते ठरव.”

आईने चपला घातल्या. तीन जिने उतरायला बराच वेळ लागला, पण उतरली. दारात स्कूटरींची रांग. बिऱ्हाडेने एकेक स्कूटर उचलून बाजूला ठेवली. शेजारचा औषधवाला दुकानातून ओरडला, “ओ, ती माझी आहे.” पुढे फुटपाथ आला. बिऱ्हाडेने आईच्या काखेत हात घातले आणि सवयीने म्हणाला, “डावीकडून जरा तिरकं घ्या, सावकाश.”

“मी फ्रिज नाहीये,” आई म्हणाली.

कसेबसे वर चढले, तर चार पावलांवर फुटपाथ संपला आणि विजेची पेटी लागली. मग खाली उतरले. मग रस्त्याच्या कडेने, भोंगे वाजवणाऱ्या गाड्यांना हाताने थोपवत, मायलेक एकदाचे बागेपाशी पोचले. बागेच्या फाटकाला कुलूप होतं. फाटकावर पाटी होती, ‘परीक्षक मंडळाच्या भेटीनिमित्त सुशोभीकरण सुरू आहे. नागरिकांनी आत येऊ नये.’

“भेट कधी आहे?” बिऱ्हाडेने रखवालदाराला विचारलं.

“नक्की नाही. पण हिरवळ नवी लावलीय,” रखवालदार समजुतीच्या सुरात म्हणाला. “माणसं आली की दबते हो.”

आईला हसू आवरेना. ती फाटकाच्या कट्ट्यावर टेकली आणि पदराने डोळे पुसत हसत राहिली. रखवालदारालाही हसू आलं. बिऱ्हाडे तेवढा उभा होता, तोंडात मारल्यासारखा. मग त्याच्याही ओठांचे कोपरे हलले. तो आईच्या शेजारी बसला.

“कधी निघायचं म्हणतेस?” त्याने विचारलं.

आईचं सामान त्याने असं बांधलं की तसं आजवर कुणाचं बांधलं नव्हतं. शिवणाच्या मशीनला तीन गाद्या. मेव्हण्याला मात्र वेगळी काळजी होती. “दाजी, ट्रकवरची अक्षरं? पूल ओलांडताना लोक ती वाचून हसतील.” म्हणून दोघांनी दोन्ही बाजूंनी ताडपत्री बांधली. आई केबिनमध्ये खिडकीशी बसली, लग्नाला निघाल्यासारखी नटून.

पूल संपता संपता वाऱ्याने दगा दिला. ताडपत्रीची एक दोरी सुटली, कापड फडफडत वर गेलं, आणि नेमका त्याच वेळी पलीकडच्या पेपराचा छायाचित्रकार त्यांच्या फलकाच्या नव्या दिव्यांचे फोटो काढत उभा होता. त्याने ट्रक बघितला, ‘इथेच राहू, सुखाने राहू’ वाचलं, वरची खाट आणि कपाट बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत चमक आली. आईने त्याला बघून हात हलवला. बिऱ्हाडे म्हणाला, “आई, हात आत घे.” पण फोटो निघाला होता.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या पेपरात पहिल्या पानावर मथळा होता, ‘शहरदूताच्या मातोश्रीही आमच्याकडेच’. फोटोत आई झकास आली होती.

ताई सकाळीच घरी आल्या. आज त्या एकदम दोन फोनांवर बोलत होत्या. “काका, हे काय करून बसलात? महापौरांनी तीन फोन केले. असं करा, त्या पाहुण्या म्हणून गेल्यात असं सांगा. चार दिवसांसाठी.”

“ताई, कपाट घेऊन कुणी पाहुणं जात नाही,” बिऱ्हाडे म्हणाला. त्याला ओशाळल्यासारखं झालं होतं, पण आईबद्दल खोटं बोलायला जीभ रेटेना.

“मग मीच त्यांना समजावते,” ताई म्हणाल्या. “चला.”

मावशीच्या गल्लीत गाडी आत जात नव्हती. तोंडाशीच लोखंडी खांब रोवले होते. ताईंना चालत जावं लागलं, आणि तेव्हा बिऱ्हाडेच्या ध्यानात आलं की ताई उजव्या पायाने लंगडतात. गल्लीत झाडाखाली एक लांब बाक होतं. त्यावर दोघी बहिणी बसल्या होत्या. आई एका परकराला काठ लावत होती आणि मावशी तो कसा चुकतोय ते सांगत होती.

“बसा,” आई सरकून म्हणाली.

ताई बसल्या आणि त्यांच्या तोंडून आपसूक सुस्कारा निघाला.

“गुडघा का?” मावशीने विचारलं.

“वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात चाला. चालू कुठे?” एवढं बोलून ताईंना आपण काय बोलून गेलो ते कळलं आणि त्यांनी लगेच सूर बदलला. आपल्याकडे नवं नाट्यगृह होतंय, पुलाला रंग लावतोय, सगळ्या कार्यालयांत हजेरीची यंत्रं बसवलीयत, असं बरंच सांगितलं. आईने दोरा तोडला.

“परत यायला माझी ना नाही,” ती म्हणाली. “मुलगा आहे, सून आहे, माझं सगळं तिथेच आहे. घरातून उतरून कोपऱ्यापर्यंत चालता आलं पाहिजे. आणि कोपऱ्यावर बसायला एक बाक.”

“आजी, बाकाला गुण नाहीत हो त्या परीक्षेत,” ताई कळवळून म्हणाल्या.

“मग उठा,” आई म्हणाली.

पण ताई काही उठल्या नाहीत. मावशीने चहा आणला, मग दुसऱ्यांदा आणला. परत येताना गाडीत ताईंचा फोन वाजला, तर त्यांनी तो घेतला नाही.

पुढच्याच आठवड्यात बिऱ्हाडेच्या रस्त्यावर खणाखणी सुरू झाली. फुटपाथ खाली आला, विजेची पेटी भिंतीला गेली, गाड्यांना मागच्या मैदानात जागा झाली. औषधवाल्याने चार दिवस आकांडतांडव केलं. मग त्याच्याच म्हाताऱ्या वडिलांनी पहाटे त्या फुटपाथवरून फेरी मारली आणि तो गप्प झाला. कोपऱ्यावर बाक आलं. अलीकडच्या पेपरात मथळा आला, ‘आजी, घरी या’.

हे वाचून पलीकडच्यांचं पित्त खवळलं. तिथला नगरसेवक एकेकाळचा पहिलवान, मिशा अशा की दारातून आधी त्याच आत याव्यात. तो स्वतः मावशीच्या दारी आला, पायऱ्यांना कठडा बसवून देतो म्हणाला आणि बसवलाही. मग अलीकडच्यांनी बाकावर छप्पर घातलं. मग पलीकडच्यांनी गल्लीत पिण्याच्या पाण्याचा नळ आणला. मग अलीकडे बागेचं कुलूप निघालं आणि हिरवळीवर माणसं बसू लागली. पेपरवाले आईला येऊन विचारायचे, “आजी, काय ठरलं?” आई गंभीर चेहऱ्याने म्हणायची, “विचार चाललाय.”

“किती खोटं बोलशील?” ते गेल्यावर मावशी म्हणायची.

“खोटं कुठे आहे? विचार तर माणसाचा चालूच असतो.”

आईने खरोखर मधला मार्ग काढला होता. आठवड्यातले काही दिवस लेकाकडे, काही बहिणीकडे. खाट मावशीकडे, आणि अलीकडे तिच्यासाठी नवी खाट आली. सून म्हणायची, “आई हल्ली जास्त भेटतात. पूर्वी एका घरात असून खिडकीतून बाहेरच बघत असायच्या.”

आणि मग दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना युक्ती सापडली. आपल्या गल्लीत दिवा लागत नाही, रस्ता ओलांडायला जागा नाही, तर पलीकडे राहायला जातो म्हणायचं. बिऱ्हाडेला भलतेच फोन येऊ लागले. “सामान न्यायचं नाहीये हो, नुसता ट्रक तासभर दारात उभा करा. दोन खुर्च्या चढवा, सगळ्यांना दिसतील अशा.” बिऱ्हाडे अशी कामं घ्यायचा नाही. मेव्हणा मात्र एका आजोबांच्या नुसत्या चहावर तासभर ट्रक उभा करून आला, आणि त्या गल्लीत खरंच दिवा लागला. बिऱ्हाडेने त्याला रागावायचं ठरवलं होतं. पण ते आजोबा उजेडात पत्ते खेळताना दिसले आणि त्याचा राग विरून गेला.

परीक्षक मंडळ आलं, फिरलं, गेलं. निकालाच्या दिवशी दोन्हीकडे चौकाचौकांत माणसं रेडिओला कान लावून उभी होती. पहिला क्रमांक गेला नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका तिसऱ्याच छोट्या शहराला. त्याचं नाव या दोघांच्या भांडणात कधी चुकूनही निघालं नव्हतं. संध्याकाळी पलीकडचा पहिलवान पूल ओलांडून आला आणि ताईंकडे बसून दोघांनी मिळून परीक्षकांच्या नावाने खडे फोडले. आजवर असं कधी झालं नव्हतं.

“आपण ते शहर बघून येऊ या,” आई म्हणाली. “नुसतं बघून.”

पुढच्या रविवारी ट्रक निघाला. केबिनमध्ये मेव्हणा, आई आणि मावशी. मागे गाद्यांवर बिऱ्हाडे आणि बायको. ते शहर खरोखर देखणं होतं. रुंद फुटपाथ, दुतर्फा झाडं, जिथे तिथे बाकं. आई आणि मावशीने तीन-चार बाकांवर बसून बघितलं. एका बाकावर एक गृहस्थ एकटेच बसले होते. आईने त्यांना विचारलं, “तुमचं कुणाशी वाकडं आहे?”

“म्हणजे?”

“म्हणजे दुसऱ्या एखाद्या शहराशी.”

गृहस्थांनी विचार केला. “नाही बुवा. आम्हाला कुणी विचारतच नाही.”

“बिचारे,” उठल्यावर आई मावशीला म्हणाली. “छान आहे सगळं. पण आपला जीव रमायचा नाही.”

परतीला ऊन उतरलं होतं. मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी दोघी उतरल्या, आणि गप्पा मारत, मागे न बघता आत निघून गेल्या. बिऱ्हाडे ट्रकमध्ये चढणार, तर बायको म्हणाली, “आपण चालत जाऊ या का? पुलावरून?”

“चालत? कशाला?”

“उगाच. लग्नानंतर आपण दोघं असं काही न उचलता कुठे गेलोच नाही.”

मेव्हणा ट्रक घेऊन पुढे गेला. दोघं पुलावर आले. खाली नदी सावकाश वाहत होती, दोन्ही काठांवर दिवे लागायला सुरुवात झाली होती. बिऱ्हाडेला हात कुठे ठेवावेत कळेना. कधी ते मागे बांधले, कधी खिशात घातले. बायकोच्या ते लक्षात आलं. तिने काही न बोलता आपली पिशवी त्याच्या हातात दिली, आणि मग तो ऐटीत चालू लागला.